सरांनी बघितलेलं

सरांचं नाव मी घेणार नाही. घेतलं की निम्मं पनवेल माझ्या अंगावर येईल, ‘अहो, किती गोड माणूस!’ म्हणून. गोड होतेच. अजूनही आहेत. मला त्या गोडपणाबद्दलच बोलायचं आहे.

पनवेलच्या एका जुन्या शाळेत आम्ही बरोबर होतो. इमारत एक, स्टाफरूम एक, पण आत दोन जाती. अनुदानित तुकड्यांचे शिक्षक कायम, त्यांना सरकारी पगार आणि पेन्शन. विनाअनुदानित तुकड्यांवर आम्ही. आमची ऑर्डर जूनमध्ये निघायची, एप्रिलअखेर संपायची, आणि पुढच्या जूनमध्ये संस्थेच्या मनात आलं तर पुन्हा निघायची. मे महिन्यात आम्ही कोणीच नसायचो. सर पहिल्या जातीतले. इतिहास शिकवायचे. पांढरा हाफ शर्ट, कपाळावर सरकवलेला चष्मा, आणि खिडकीजवळची ठरलेली खुर्ची. त्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं तर काही बोलायचे नाहीत, समोर हसत उभे राहायचे. माणूस आपोआप उठायचा.

शनिवारी सकाळची शाळा. ती सुटली की सर घरी न जाता सरळ सिनेमाला. पनवेलमध्ये लागलेला असला तर पनवेल, नाहीतर खारघरच्या मॉलमध्ये. मराठी, हिंदी, तमिळचं हिंदी केलेला, जो असेल तो. आणि सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांचं मत. डबे उघडायचे, आणि कोणीतरी म्हणायचं, “हं सर, काय म्हणतोय या वेळचा?”

सर गोष्ट कधी सांगायचे नाहीत. नटनट्यांची नावंही नाहीत. “तो मुलगा”, “ती बाई”, “तो मिशीवाला बाप”. जणू शेजारच्या बिल्डिंगमधली माणसं. आणि मत कसं, तर प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यासारखं. “प्रयत्न समाधानकारक.” “हुशार आहे, पण चंचल.” एका भल्या मोठ्या खर्चाच्या सिनेमाला त्यांनी “पालकांनी भेटावे” असा शेरा दिला होता. आम्ही हसून हसून बेजार. मुख्याध्यापिकाबाईंना तर ठसका लागला.

त्यांची नजर म्हणजे नजर! “ती बाई भिजत घरात आली आणि पायपुसण्यावर एक थेंब नाही.” “त्या मुलाला डाव्या गालात मारलं, पुढच्या प्रसंगात बर्फ उजव्या गालाला.” “त्या बापाला मुलीशी बोलायचंच नव्हतं हो, म्हणून तो तेवढा वेळ चष्मा पुसत बसला. दिग्दर्शकाला कळलंय बरं का माणूस.” शेवटचं वाक्य मला अजून आठवतं. खोटं कशाला बोलू, मला त्यांचं ऐकायला फार आवडायचं. मराठीचा तास मी चार पुस्तकं वाचून घ्यायचे आणि सर एका वाक्यात माझ्यापेक्षा जास्त सांगून जायचे.

आणि सगळं सांगून झालं की हात झटकायचे. “आपलं आपलं मत हो. आपल्याला काय, तिकीट काढलं, बघितलं, आलो घरी.”

एकदा त्यांनी असा एक छोटा मराठी सिनेमा पाहिला की थिएटरमध्ये सर आणि दाराशी उभा असलेला माणूस, बस. सोमवारी सर डबा न उघडताच बोलायला लागले. “जा गं बायांनो, जा. बुधवारपर्यंत काढून टाकतील. त्या म्हातारीने दार लावताना मागे वळून बघितलंय ना, तेवढ्यासाठी जा.” आम्ही सगळ्या जणी शाळा सुटल्यावर रिक्षा करून गेलो. म्हातारीने दार लावलं, मागे वळून बघितलं, आणि आम्ही ओळीने रडलो. हेही सांगायला हवं. नाहीतर मी नुसती विष ओकतेय असं वाटेल.

त्यांच्या पत्नी मात्र त्यांच्याबरोबर सिनेमाला जायच्या नाहीत. हळदीकुंकवाला भेटल्या तेव्हा मला म्हणाल्या, “अहो, घरी काय कमी असतं? आमटी वाढली तर म्हणतात, सुरुवात चांगली आहे, शेवटी मीठ कमी पडलं. मी आजारी पडले तरी हे पायाशी खुर्ची घेऊन बसणार आणि सांगणार, कालच्यापेक्षा आज कण्हणं खरं वाटतंय.” आम्ही खो खो हसलो. त्याही हसल्या. पण त्यांनी लगेच विषय बदलला होता.

आमच्या विज्ञानाच्या बाईंचे वडील गेले तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. परत येताना सर म्हणाले, “मोठा मुलगा मनापासून रडला. धाकट्याचं जरा उशिरा आलं, पण आलं ते चांगलं आलं.” कोणीतरी म्हणालं, “काय हो सर, कुठे काय बोलावं!” आणि हसलं. मीही हसले. तेव्हा मला वाटायचं, एवढं बारीक बघणाऱ्या माणसाला माणसांबद्दल माया असणारच. डोंबलाची माया!

आता ते सांगते.

स्नेहसंमेलनाची तयारी चालली होती. माझ्याकडे सहावीचा नाच होता, कोळीगीत. पुढे नाचायला एक मुलगी घेतली होती, बेलपाड्याची. तिचे पाय असे थिरकायचे की शिकवायची गरजच नव्हती. तिच्या मागे नाखवा म्हणून एक मुलगा, पुठ्ठ्याचं वल्हं घेऊन. हा मुलगा संस्थेच्या अध्यक्षांचा नातू. त्याला पुढे उभं राहायचं होतं. मी दोनदा समजावलं, “बाळा, नाखवा होडीत मागेच असतो.” त्याने मान हलवली.

त्या दुपारी बाकीची मुलं पाणी प्यायला गेली होती. स्टेजवर ती मुलगी, तो मुलगा आणि मी. स्पीकर मध्येच बंद पडला म्हणून मी पाठ करून, वाकून प्लग बघत होते. खाली रिकाम्या हॉलमध्ये सर पेपर तपासत बसले होते, कारण स्टाफरूमचा पंखा बिघडला होता. मागून किंकाळी आली. वळले तर मुलगी स्टेजच्या खाली फरशीवर. हात कोपरातून भलत्याच बाजूला. मी खाली उडी मारली, तिला उचललं, आणि तसंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सगळा वेळ ती माझी ओढणी तोंडात धरून होती.

संध्याकाळी पर्स घ्यायला शाळेत परतले तर सर फाटकाशी थांबलेले. म्हणाले, “बाई, तुम्ही पाठमोऱ्या होता, तुम्हाला दिसलं नसणार. त्या मुलाने आधी इकडेतिकडे बघितलं. वल्हं उजव्या हातात होतं, ते त्याने सोडलं नाही. डाव्या हाताने तिच्या पाठीत दिला धक्का. मग दोन पावलं मागे गेला आणि वल्हं मारायला लागला. वल्हं मारायला लागला हो, गाणं बंद असताना! मुलांना काय काय सुचतं.”

मी त्या वेळी फक्त मुलीच्या हाताचा विचार करत होते. ऐकून घेतलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेत पाय ठेवला आणि कळलं की नातवाने घरी सांगितलंय, ‘तिची स्टेप चुकली म्हणून बाईंनी ढकललं.’ मुलगी म्हणत होती, मागून धक्का बसला, कोणी दिला ते दिसलं नाही. मागे आम्ही दोघंच. तो आणि मी.

मी घाबरले, पण फार नाही. कारण सरांनी बघितलं होतं! पनवेलमध्ये सरांच्या नजरेवर कोण शंका घेणार होतं?

अध्यक्षांच्या खोलीत चौकशी झाली. अध्यक्ष, मुख्याध्यापिकाबाई, मुलीची आई आणि मी. मी सगळं नीट सांगितलं आणि म्हटलं, “सर हॉलमध्येच होते. त्यांना बोलवा.”

सर आले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. म्हणाले, “मी पेपर तपासत होतो. मान खाली होती. ओरडण्याचा आवाज आला तेव्हा वर बघितलं. त्याआधीचं मला काही सांगता येणार नाही.”

मी म्हटलं, “सर! काल फाटकापाशी तुम्ही मला काय सांगितलंत?”

“बाई, काल तुम्ही फार गोंधळलेल्या होता,” सर हळुवारपणे म्हणाले. इतक्या हळुवारपणे की मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

मग मला रडू फुटलं. मी मुलीच्या आईपुढे हात जोडले. “मी नाही हो ढकललं. माझी लेक असल्यासारखी होती ती मला.”

ती म्हणाली, “तुमी मोठी मान्सं हाव, तुमचं तुमी बगा. माज्या पोरीचा हात मोडलाय. हिनं नाय मोडला, त्यानं नाय मोडला, मंग कोनी मोडला? आपोआप मोडला?” आणि उठून गेली.

मला सांगण्यात आलं की मीच राजीनाम्याचा अर्ज दिला तर शाळेचंही नाव राहील आणि माझंही. माझं नाव! एप्रिलला ऑर्डर संपलीच असती, त्यांना एवढीही घाई करायची गरज नव्हती. मी अर्ज दिला नाही, तेव्हा उद्यापासून वर्गावर येऊ नका म्हणाले. जूनमध्ये ऑर्डर आली नाही. कामोठ्याच्या एका शाळेत मुलाखत चांगली झाली, मग त्यांनी फोन उचलणं बंद केलं. पनवेल वाढलं असेल कितीही, पण शाळांच्या गोष्टी अजून गावासारख्याच फिरतात. रोडपालीला आमच्या बिल्डिंगमध्ये मी घरी शिकवण्या सुरू केल्या तर पहिल्या वर्षी एका आईने दारातच विचारलं, “मारत वगैरे नाही ना तुम्ही?”

पण सरांचं राहिलं. चौकशीच्या दुसऱ्या दिवशी मी कपाटातलं सामान घ्यायला गेले होते. सर जिन्यात भेटले. मला वाटलं, माफी मागतील. निदान नजर चुकवतील. कसलं काय! सर थांबले, आवाज खाली आणला आणि म्हणाले, “बाई, खरं सांगू? काल सुरुवातीला तुम्ही फार छान बोललात. शांत, मुद्देसूद. सगळे तुमच्या बाजूने होते. शेवटी रडलात आणि हात जोडलेत ना, तिथे पकड सुटली. हात जोडायला नको होते.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, “सर, तुम्ही बघितलं होतंत.”

“बघितलं ना,” सर म्हणाले. अगदी सहज. “पण अहो, माझी दोन वर्षं राहिलीत. पेन्शनच्या फाईलवर सही कोणाची लागते? तुम्ही तरुण आहात, तुम्हाला कुठेही मिळेल. आणि मी बोललो असतो तरी त्यांनी तुम्हाला काढलंच असतं. शेवट काही बदलत नव्हता.”

“माझं नाव राहिलं असतं.”

“हं,” सर म्हणाले. विचारात पडल्यासारखे. “तो मुद्दा बरोबर आहे.”

आणि वर गेले. मला त्या माणसाचा खोटेपणा पचला असता. घाबरला, अंग काढून घेतलं, हात वर केले, जगात सगळेच करतात. पण मुद्दा बरोबर आहे म्हणून शेरा देऊन जिना चढून गेला, ते मला आजही सहन होत नाही.

मधली वर्षं गेली. सर निवृत्त झाले, निरोप समारंभ म्हणे जोरात झाला. मला कोणी बोलावणार नव्हतंच.

माझा धाकटा भाऊ पनवेलला राहतो. रोज सकाळी वडाळे तलावावर फिरायला जातो. एका रविवारी घरी आला, चहा घेता घेता म्हणाला, “ताई, रागावू नकोस. तुझे ते सर तलावावर बसतात. निवृत्त लोकांचा घोळका असतो भोवती. आधी सिनेमांबद्दल बोलतात, आणि मग कोणीतरी म्हणतं, सर, ती शाळेतली सांगा. मग तुझी सांगतात.”

“माझी काय?”

“सगळी. मुलगा, धक्का, वल्हं. जशी तू आम्हाला सांगितली होतीस तशीच. काहीही बदलत नाहीत.”

दुसऱ्या सकाळी मी स्कूटर काढली आणि तलावावर गेले. खरंच बसले होते. तोच पांढरा हाफ शर्ट. मी मागे उभी राहिले. सर सांगत होते, “आणि ती बाई पाठमोरी. प्लग शोधतेय. तिला कल्पनाच नाही! इथे मुलाने वल्हं सोडलेलं नाही बरं का, डावा हात...” ऐकणारे पुढे झुकलेले. एकाने विचारलं, “मग? त्या बाईचं काय झालं?”

“गेली तिची नोकरी. शेवट वाईटच आहे. पण खरा आहे.”

मी पुढे झाले. सरांनी मला ओळखलं आणि, देवाशपथ सांगते, त्यांचा चेहरा उजळला. “अरे! या, या! अहो, ह्याच त्या बाई!”

सगळे उठून माझ्याकडे बघायला लागले. एका आजोबांनी तर नमस्कार केला, कौतुकाने, एखादी नटी भेटल्यासारखा.

मी म्हटलं, “सर, बसा माझ्या स्कूटरवर. बेलपाड्याला जायचंय. त्या मुलीच्या आईला हेच सांगायचं. असंच.”

मला वाटलं, कारणं सांगतील. गुडघा, रक्तदाब, काहीतरी. पण सर लगेच उठले. “चला की! आता काय, मोकळा माणूस.” आणि बसले मागे. हायवेला लागेपर्यंत मला एका नव्या सिनेमाबद्दल सांगत होते. वाऱ्यात अर्धं ऐकू आलं नाही, हे एक बरं झालं.

बेलपाड्यात चारी बाजूंनी टॉवर, आणि मध्ये गावातली घरं एकाला एक चिकटून. त्यांनीही आता तीन मजले चढवलेत, वर कॉलेजची मुलं भाड्याने ठेवलीत. मुलीची आई ओट्यावर सुपात सुक्या कोळंबीचे सोडे निवडत बसली होती. मला बघितलं आणि हात थांबला.

“तुमी? हितं कशाला आलाव?”

“या सरांना काहीतरी सांगायचंय. तेवढं ऐका, मग मी जाते.”

तिने सरांना खुर्चीही दिली नाही. सर ओट्याच्या कडेला टेकले आणि सांगायला लागले. आणि काय सांगितलं त्यांनी! त्या दिवशी स्टेजवर असूनही मला ते आत्ता दिसलं. मुलगी गिरकी घेऊन कुठे थांबली. मुलाने हॉलच्या दाराकडे कसं बघितलं. हात पाठीवर नेमका कुठे टेकला. पडताना मुलीने एक हात पुढे केला, दुसऱ्या हातात नाचातली घागर होती ती तिने सोडली नाही. एवढं मलाही माहीत नव्हतं. मुलाची दोन पावलं मागे, वल्हं मारणं, सगळं. शेवटी म्हणाले, “बाईंचा ह्यात काही दोष नाही. अजिबात नाही.”

झालं. एवढ्यासाठी मी इतकी वर्षं जळत होते. ते वाक्य बोलायला सरांना कितीसा वेळ लागला? मला वाटलं होतं हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. मी आपली सोड्यांच्या सुपाकडे बघत उभी होते.

मुलीच्या आईने सूप बाजूला सारलं. आता तिने हात पदराला पुसले.

“तुमी ह्ये समदं डोल्यांनी बगितलं?”

“हो. अगदी स्पष्ट. मी तिसऱ्या रांगेत कडेला होतो.”

“तो दाराकडं बगत व्हता, त्यानं हात उचलला, त्ये पन?”

“ते पण.”

“माजी पोर खाली पडली, रडाय लागली, त्ये पन?”

“सगळं बघितलं, बाई.”

“मंग तुमी उठलाव का नाय?”

सर थांबले. ते बोलायचे थांबलेले मी आयुष्यात प्रथमच बघत होते. चष्मा काढला, पुन्हा घातला. माझ्याकडे बघितलं, मी सांगेन काहीतरी म्हणून. मग म्हणाले, “ह्या होत्या ना तिथे. ह्यांनी उचललं.”

ती त्यांच्याकडे वळली. शिवी देईल असं मला वाटलं. मला हवी होती, खरं तर. तिने सूप उचललं, उंबऱ्याच्या आत ठेवलं, आणि माझ्या दंडाला धरलं.

“बाय, तू आत ये. उनात नको उबी ऱ्हाव.”

आत मुलगी होती. केवढी मोठी झाली होती! मला बघून दोन्ही हात जोडायला गेली तर एक हात पुरता वरच आला नाही. मी तो तसाच धरला. आई माठातलं पाणी ओतत होती.

बाहेरून सरांचा आवाज आला. “बाई, मी थांबू, की निघू?”

आम्ही तिघींनीही ऐकलं. आईने भरलेला तांब्या माझ्यापुढे धरला.